खाली मान आणि अख्खं नागपूर

आमच्या घरी फोटो पाहायला काढले, की फोटो राहतात हातात आणि किस्सेच सुरू होतात. माझ्या लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. तरी एका नागपूरच्या सहलीचे एवढे साठलेत, की ते मावायला एक रोल पुरायचा नाही!

नरखेडकडच्या आमच्या गावाहून एसटीनं निघालो, तेव्हा कॅमेरा माझ्या मांडीवर होता. भावानं लग्नात दिलेला, डब्यासारखा. पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत खाली पाहायचं. घरात वापरता यायचा फक्त मला. रोल एकच. मी मनाशी पक्कं केलं होतं : एक फोटो अख्ख्या नागपूरचा. उंचावरून. मध्ये कुणी नको.

धीर करून तसं बोलले. सासूबाई म्हणाल्या, "माणूसच नाही त्या फोटोत पाहाचं कोणाले वं?"

विषय संपला. म्हणजे, त्यांचा!

*

झिरो माइलला कुणीतरी सांगितलं, इथून साऱ्या देशाची अंतरं मोजतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, लगेच विचारते झाले, "मंग आपलं गाव कोन्या बाजूले?"

गावाकडे तोंड करून, खांबाला पाठ लावून ते उभे राहिले. 'रेडी' म्हटलं की श्वास रोखायचा, हा त्यांचा नियम. साऱ्या घरानं तो उचललेला. मी फोटो काढला, रोल फिरवला, कॅमेरा पिशवीत ठेवला. पाहते तर मामाजी लालबुंद!

"सोडू काय वं श्वास?"

फोटोत झिरो माइल नाही. धोतर सुरेख आलंय.

*

महाराजबागेत मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. काचेवर ऊन पडलं की काही दिसत नाही, म्हणून! बाकावरच्या एक आजी सासूबाईंना म्हणाल्या, "नशीब काढलं वं बाई. केव्हाची पाहून राहिली, सून मानच वर करत नाही!"

सासूबाई फुलल्या. "लाजरी आहे आमची."

लाजरी त्या वेळी त्यांच्या डोक्यामागचा विजेचा खांब कसा टाळावा, या विवंचनेत होती.

*

अंबाझरी तलावावर यांना वाटलं, बायकोचाही एक फोटो हवा. त्या काचेत डावं ते उजवीकडे दिसतं, हे मी सांगत होते. पण नवऱ्याला बायकोनं शिकवायचं म्हणजे...

"डावीकडं सरक. अजून. अरे, उलटी काहून जाते?"

सरकले. सांगतील तशी सरकत गेले. फोटोत बाभूळ झकास आलीय. मी तिच्या मागे आहे.

*

शेवटचा एक फोटो उरला, तेव्हा आम्ही सेमिनरी हिलवर होतो. डाव्या हाताला सगळं नागपूर पसरलेलं : कवेलूंची छपरं, कडुनिंबांचे शेंडे, गिरणीची धुराडी, दूर किल्ल्याची टेकडी. आणि समोर सासूबाई, मामाजी, हे. एका रांगेत.

"शहर मागे घ्यायचं का?" मी विचारलं.

"तोंडावर ऊन पाहिजे," मामाजी म्हणाले. हललेच नाहीत.

मी पदर पुढे ओढला. मान खाली घातली. "रेडी!" तिघांनी श्वास रोखले, नजरा ताठ. मी मात्र पायानं जागा न सोडता, हळूच, कमरेतून डावीकडे वळले.

खट्!

"सोडा श्वास."

सासूबाई माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

*

फोटो धुऊन आले. तो शेवटचा सासूबाईंनी हातात घेतला. छपरं पाहिली, धुराडी पाहिली. मग मला पाहिलं. माझी मान आपोआप खाली.

"याले फ्रेम कर," त्या यांना म्हणाल्या. बस्, एवढंच.

आता तो ओसरीत लटकतो. परवा शेजारच्या काकू आल्या, फोटोला नाक लावून उभ्या राहिल्या.

"यात कोण आहे वं?"

"सून आहे आमची."

"कुठं? मले तं दिसून नाही राहिली!"

सासूबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "कशी दिसंन? लाजरी आहे न थे!"