शूटला आत्या

मॉडेलिंगची कामं मी माझी मीच मिळवते. दागिन्यांच्या फोटोंसाठी भाट्याच्या किनाऱ्यावर बोलावणाऱ्या फोटोग्राफरने फोनवर बजावलं होतं, "एकटीच ये. घरचं कोणी असलं की चेहरा मोकळा होत नाही." म्हणून मी आत्याला घेऊन गेले.

कपडे बदलायला त्याने स्वतःची गाडी दाखवली. काचा काळ्या आहेत म्हणे, काळजी नको. मला काळजी त्या काचांचीच होती. तेवढ्यात आत्याने विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"

"मुंबई."

"ते राहायचं झालं. मूळ गाव?"

साहेब पालीचे निघाले. आत्याची नणंद पालीलाच दिलेली. आत्याने तिथल्या तिथे तिला फोन लावला आणि त्याची आई, मामा, वाडी, सगळं बाहेर आलं. मग मी एकदम 'ताई' झाले आणि कपडे बदलायला जवळच्या घरात खोलीही मिळाली. कलावंताला सगळं सुचतं, फक्त मामा आठवायला हवा.

पुढच्या शूटच्या वेळी त्याने आधीच विचारलं, "आत्या येणार?" हो म्हटल्यावर शूटच रद्द झालं.

माझ्यामुळे तुझं काम गेलं, म्हणून आत्या अजून हळहळते. मी तिला सांगते, गेलं ते काम नव्हतंच.