अम्मीला दाखवायची जीप

आमच्या पोस्टवर एकही झाड नव्हतं. वर आकाश, खाली बर्फ, आणि दोन्हींचा रंग बऱ्याचदा एकच. सकाळी तंबूबाहेर आलं की आपण नेमके कुठं उभे आहोत हे कळायला थोडा वेळ लागायचा. मी रेडिओ ऑपरेटर होतो. लान्स नाईक यूसुफ ड्रायव्हर होता. तो खुलताबादचा, मी तिथून जवळच्याच एका गावचा. ओळख मात्र इतक्या लांब, एका जीपमध्ये झाली.

हे मी लिहावं का, याची मला खात्री नाही. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. वर्गातली मुलं विचारतात, काका, फौजेत काय केलं. त्यांना गोळीबाराचं ऐकायचं असतं. माझ्याकडे एका जीपचं आहे.

सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी जी तपासणी होते तिला फर्स्ट परेड म्हणतात. तेल, पाणी, फॅनबेल्ट, ब्रेक, टायर. यूसुफ ती नमाजानंतर करायचा. इंजिन सुरू झालं की स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. माझ्या कानाला हेडफोन, त्याच्या कानाला स्क्रू ड्रायव्हर. तू तेरे साब की सुन, मैं मेरे साब की सुनता, असं म्हणायचा.

त्याची भाषा खुलताबादची. हो म्हणायला 'हौ', नको म्हणायला 'नक्को'. आमचे कॅप्टनसाहेब उत्तरेकडचे. एकदा त्यांनी रेडिओ सेटवर विचारलं, चढ चढशील का. यूसुफ म्हणाला, "हौ सर." साहेबांना वाटलं, हा इंग्रजीत 'कसं' विचारतोय. त्यांनी शांतपणे समजावलं. फोर बाय फोर लावायचं, लो गिअर, क्लच सोडताना घाई नाही. ओव्हर. यूसुफ पुन्हा म्हणाला, "हौ सर." साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्या संध्याकाळी लंगरमध्ये जेवताना सगळे एकमेकांना 'हौ सर' म्हणत होते. साहेब 'हौ' शिकले. 'नक्को' त्यांच्या कानावर तोवर आलेलं नव्हतं.

बर्फ वितळायला लागल्यावर एके दिवशी आम्ही दोन गाड्या घेऊन खाली निघालो. पुढं यूसुफची जीप. मागच्या सीटवर सुटीवर निघालेला सिपाही मंगल. माझी जागा यूसुफच्या शेजारची, पण त्या दिवशी साहेबांना सेट हवा होता म्हणून मी त्यांच्याबरोबर दुसऱ्या गाडीत. पुढच्या जीपमधला छोटा सेट यूसुफनं स्वतःजवळ ठेवला होता. ऊन कोवळं होतं. डोंगर झोपेत असल्यासारखा दिसत होता. जीप एका वळणाआड गेली. साहेबांनी हँडसेट घेतला.

"रास्ता कैसा है? हम आ जाएँ? ओव्हर."

"नक्को सर."

"से अगेन. ओव्हर."

"नक्को."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी आमच्या ड्रायव्हरचा दंड धरून रोको म्हणालो. त्यानं ब्रेक दाबला. मग समोरचं वळण हळूच खाली बसलं. मोठा आवाज नंतर आला. सुरुवातीला फक्त धूळ आणि बर्फ वर उठताना दिसलं, दुधाला ऊत यावा तसं. मी सेटवर हाका मारत राहिलो. पुढची जीप वळणासकट खाली गेली होती. यूसुफ हिंदी चांगली बोलायचा. 'मत आइए' म्हणू शकला असता. घाईच्या वेळी माणसाच्या तोंडात घरचाच शब्द येत असावा. आम्ही त्यामुळं वाचलो.

सुटी मिळाली तेव्हा मी खुलताबादला गेलो. यूसुफच्या आईला, अम्मीला, त्याचा शेवटचा शब्द सांगितला. ती म्हणाली, "बचपन से यहीच बोलता था. नहाने कु नक्को, मदरसे कु नक्को." आणि ओढणीत तोंड घालून हसली की रडली, मला कळलं नाही. नंतर तिनं विचारलं, तो चालवायचा ती गाडी कशी होती. मी अंगणातल्या मातीत बोटानं जीप काढली. माझं चित्र वाईट. ती म्हणाली, ही तर बकरी वाटते.

दर भेटीत ती हेच विचारायची. तिला मुलगा कुठं बसायचा ते बघायचं होतं, बस्स. निवृत्तीनंतर तसलीच एक फौजेतून निकामी ठरलेली जीप भंगारवाल्याकडं उभी दिसली. कोंबड्या आत बसत होत्या. मी ती ओढून शहरात, गारखेड्याला घरी आणली.

पेन्शनवर गाडी उभी करायची तर ठरवावं लागतं. मी ठरवलं, आधी जे थांबवतं ते, मग जे चालवतं ते, दिसण्याचं शेवटी. म्हणून पहिला खर्च ब्रेकवर. पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. तिच्यात थोडं डिझेल आणि बारीक खडी घालून दोन दिवस हलवत बसलो, गंज सुटून आला. रेडिएटर जुनाच, भोकं बुजवायला झाळून घेतला. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे भंगारातले. खालचा पत्रा इतका सडलेला की सीटवर बसून अंगणातल्या मुंग्या दिसायच्या. तिथं पत्र्याच्या जुन्या पाटीचे तुकडे वेल्ड केले. हुडाचं ताडपत्रीचं कापड गुलमंडीच्या बाजारातून आणलं. गादीचा काथ्या सीटमध्ये भरला.

ती आमचीच गादी होती. माझी बायको सुनंदा म्हणाली, "आता तुमी जीपमंदीच झोपा. ती तरी लई प्रेमानं गुरगुरती." दुसऱ्या दिवशी मी कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून बसलेला बघून म्हणाली, "व्हय, हिचं बारीक बारीक ऐकू येतं. मिक्सर वर्षभर बोंबलतोय, तो नाय आला ऐकू." पण टाकी हलवताना दुसरी बाजू तिनंच धरली होती.

दुपारी लिंबाखाली काम करताना डुलकी लागायची. पेट्रोलचा वास, वर पानांची सळसळ. डोळे उघडले की पांढरं ऊन बर्फ वाटायचं. गाडीपलीकडं कुणी तरी वाकून टायर बघतंय असा भास व्हायचा. मी उठून बघायचो नाही. तसाच पडून राहायचो.

मग निरोप आला. अम्मीचे गुडघे गेले होते, मुलगी तिला कायमची नांदेडला नेणार होती. ईदनंतर, सकाळच्या बसनं. जीपला अजून रंग नव्हता, नुसतं रेडऑक्साइडचं लाल अस्तर. घाटात कधी नेलीच नव्हती. सुनंदा म्हणाली, "रंगाचं काय घिऊन बसलात? जावा."

अम्मी जाणार त्या दिवशी पहाटे निघालो. दौलताबादच्या किल्ल्याभोवती धुकं होतं, माथा तेवढा तरंगत होता. पुढं घाट लागला. अर्ध्या चढावर गिअर आपोआप सुटायला लागला. मी तो डाव्या हातानं दाबून धरला, उजव्या हातात स्टिअरिंग. मग रेडिएटर उकळला. थांबलो. इथं बंद पडली तर अम्मी जाणार आणि तिनं गाडी बघितलेली नसणार. पाणी ओतायच्या आधी निवू द्यावं लागतं. मी रस्त्याकडेला उभा राहून इंजिन निवायची वाट बघितली. धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं. मला ते वळण ओळखीचं वाटलं. भीती नाही वाटली. पाणी घातलं, लो गिअर टाकला, क्लच सोडताना घाई केली नाही.

पोचलो तेव्हा सामान बांधून ओट्यावर ठेवलेलं होतं. यूसुफची बहीण घड्याळ बघत होती. अम्मी काठी टेकत जीपभोवती फिरली.

"छोटी है," ती म्हणाली. "मैं समझी ट्रक होगा."

तिला ड्रायव्हरच्या जागेवर बसायचं होतं. बहिणीनं आणि मी उचलून बसवलं. मी इंजिन चालू ठेवलं होतं, बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता. तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. तिनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. गाडी थरथरत होती, तिच्या हातांतल्या बांगड्याही. बहीण बसचं काही बोलायला आली आणि तशीच मागं गेली.

बऱ्याच वेळानं अम्मीनं डोळे उघडले. मान वळवून मागच्या सीटकडं बघितलं.

"इधर कौन था?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, सिपाही मंगल. लांबच्या जंगलातल्या गावचा. पहिल्या सुटीवर निघाला होता. मांडीवर कँटीनमधून घेतलेला प्रेशर कुकर होता, खोक्यासकट. आईसाठी.

"उसकी माँ कु मिला क्या तू?"

मी नाही म्हणालो. तिच्या गावाचं नाव मला माहीत नव्हतं.

स्टिअरिंगवरचे हात काढून अम्मीनं समोर ओंजळ धरली. मी जीपच्या बाजूला सावधानमध्ये उभा राहिलो. इंजिनच्या आवाजात दुआ नीट ऐकू येत नव्हती, नावं तेवढी आली. आधी मंगलचं, मग यूसुफचं.