पूजेतली पक्कड

माझ्या थोरल्या दिराला गाडीतलं काही कळत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथं लिहायला मला भीती नाही. कळत नाही याचं एवढं काही नाही, जगात कितीतरी जणांना कळत नाही. पण न कळणारा माणूस बॉनेट उघडून आत हात घालतो आणि वर दुसऱ्याला शिकवतो, तेव्हा माझं डोकंच उठतं.

आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला, माळावर. आमची जीप म्हणजे लिलावात घेतलेली जुनी डिझेलची गाडी, चारही चाकं ओढणारी. डांबरी रस्त्यावर तिला कुणी विचारणार नाही, पण आमच्याकडं डांबरी आहेच कुठं? घरापासून डाळिंबाच्या बागेपर्यंत आधी मुरूम, मग ओढा, मग बांध. खताची पोती, औषधाचे डबे, फळं भरायची कॅरेट, उन्हाळ्यात पाण्याची टाकी, सगळं तिच्यावरच. नवरा सोलापुरात कंपनीत, सुट्टीला तेवढा येतो. दीर दिवसभर चौकात. मग जीप चालवायची कुणी? मी. मंद्रूपला माझ्या वडिलांची इंजिनावरची पिठाची गिरणी होती, त्या धडधडीतच मी मोठी झाले. नवऱ्यानं माळावर स्टिअरिंग धरायला शिकवलं, पुढचं मी माझी शिकले.

त्या चावीवर माझं सगळं होतं, हे आधीच सांगून टाकते. चावी माझ्याकडं असली की मी बाग बघणारी. फवारणी कधी, माल कधी काढायचा, व्यापाऱ्याला काय सांगायचं, हे सासरे मला विचारायचे. चावी नसली की मी धाकटी सून, चुलीपुढं बसायचं आणि भाकरी थापायच्या. दिरांना हे पक्कं ठाऊक होतं. माझ्याइतकंच.

उन्हाळ्यात जीपची रेसची स्प्रिंग तुटली. म्हणजे काय, तर पायानं रेस दाबली की एक वायर डिझेल पंपाचा दांडा ओढते, आणि पाय काढला की स्प्रिंग तो दांडा मागं आणते. एवढंच काम, पण ते झालं नाही तर गाडी सुटलेल्या बैलासारखी. मी माहेरी होते तेव्हा हे झालं. आले तर दीर म्हणाले, "मी केलंया नीट. गॅरेजवाल्याला कशाला बोंबलत जायचं?" मी रेस दाबून बघितली, दांडा मागं येत होता. म्हटलं, चला, एवढं तरी जमलं. आत काय बसवलंय ते पंपाच्या पोटाशी, खालच्या अंगाला होतं. वरून दिसत नव्हतं.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरी हा सण म्हणजे गाड्या-हत्यारांची दिवाळीच. आदल्या दिवशी दिरांनी शर्ट काढला, डिझेलचा डबा घेतला, जुना ब्रश घेतला आणि जीपचं इंजिन असं घासलं की वर्षात कधी स्वतःची पाठ घासली नसेल. अख्खं इंजिन डिझेलनं न्हाऊन निघालं. नवमीला सकाळी जीपपुढं पोतं अंथरलं. त्यावर पाने, पक्कड, हातोडी, विळे, खुरपी, फवारणीचा पंप, सगळ्यांना हळदी-कुंकू, झेंडूची फुलं. आमच्यात पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. त्या दिवशी त्यांना सुट्टी. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि सासरे मला म्हणाले, "सूनबाई, घे चावी. लिंबं चिरड, आन् तसंच बागंतल्या बिरोबाला निवद दाखवून या दोगी."

शेजारी थोरली जाऊ बसली, मांडीवर निवदाचं ताट. लिंबं चिरडून आम्ही निघालो. ओढ्यात उतरलो, आणि पलीकडच्या चढाला नेहमीसारखी पूर्ण रेस दिली. वर आले, पाय काढला. रेस उतरलीच नाही.

इंजिन बोंबलत होतं, जीप बांधावरून उडी मारून सरळ बागेत. माझा पाय ब्रेकवर उभा होता, अक्षरशः उभा, सीटवरून मी उठले होते. ठिबकच्या नळ्या तोडत, फळांनी लगडलेली डाळिंबं मोडत गाडी गेली. शेवटी मी इंजिन बंद करायची कळ ओढली तेव्हा थांबली. जाऊ पुढच्या लोखंडावर आपटली होती. तिचा डावा हात मनगटातून असा वाकला होता की मला बघवेना. ताट मात्र तिनं उजव्या हातानं धरलेलंच.

माणसं जमली. दीर पळत आले आणि बायकोच्या हाताकडं बघायच्या आधी माझ्याकडं बघून ओरडले, "बिरेक सोडून रेस दाबली की हिनं! म्या कवाच म्हनलं हुतं, बाईमाणसाच्या हातात गाडी म्हंजे मरनाला आवतान!"

मी म्हटलं, "भावजी, माझा पाय ब्रेकवर होता. ताईंना विचारा."

सगळे जावेकडं वळले. ती हात धरून मातीत बसली होती. खाली बघत म्हणाली, "मला काय दिसलं न्हाय. मी ताट सांबाळत हुते."

झालं. गावाला एवढंच पाहिजे होतं. ज्यांनी जन्मात बैलगाडीसुद्धा हाकली नाही ते मला ब्रेक कुठं असतो ते सांगायला लागले. दिरांनी चावी काढून खिशात घातली. जीप दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून अंगणात आणली, आणि दीर शेजाऱ्याच्या गाडीतून जावेला घेऊन सांगोल्याला दवाखान्यात गेले. जाताना मला म्हणाले, "आता बस भाकरी थापत."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "लागलं का तुला? न्हाय ना? मग सोड की. वाढवू नको." आमच्या घरात ज्याला त्याला हेच येतं, वाढवू नको. मी फोन ठेवला आणि बॉनेट उघडलं.

रेडिएटरवर झेंडूची माळ, इंजिनावर कुंकवाचे टिळे. मी ओट्यावरचं गोणपाट घेतलं, गाडीखाली सरकले आणि खालच्या अंगानं पंपाकडं बघितलं. स्प्रिंग नव्हतीच. स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी होती, दोन्ही टोकांना तारेनं आवळलेली. पट्टी डिझेल पिऊन फुगली होती, लांबली होती, शिजलेल्या भेंडीसारखी लोंबत होती. हात लावला तर बोटाला काळं लागलं.

मला हसूच आलं, असं रागाचं. गिरणीत आमचे वडील पट्ट्याजवळ डिझेलचा थेंब पडू द्यायचे नाहीत. रबराला डिझेल लागलं की रबर मेलं. हे मला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं. आणि या शहाण्यानं स्प्रिंगच्या जागी रबर बांधलं, आणि सणाला त्याच रबराला डिझेलनं अभ्यंगस्नान घातलं! वर माझ्या नावानं शंख.

आता खरी गोष्ट ही, की हे मला आत्ताच, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं होतं. दसऱ्यापर्यंत थांबले असते तर दिरांनी गपचूप पट्टी काढून फेकली असती आणि मी जन्मभर रेस दाबणारी बाई राहिले असते. तारेचा पीळ हातानं सुटेना. नखं तुटली. पक्कड पाहिजे होती, आणि पक्कड समोर पोत्यावर, हळदी-कुंकू लावून, डोक्यावर फूल घेऊन निवांत पडलेली.

सासरे ओट्यावर बसले होते. मी वाकले तशी त्यांनी आवाज टाकला, "ए सूनबाई! पूजेतलं हत्यार हाय त्ये! हात लावायचा न्हाय!"

"मामा, मला लागतंय."

"उद्या सांच्याला घे की."

"उद्यापर्यंत हे रबर राहणार नाही, मामा. तुम्हाला बघायचंय का नाही कुणामुळं गाडी गेली ते?"

"देवाचं हाय म्हनतोय न्हवं!"

"देवाला मी बघते काय सांगायचं ते. तुम्ही इकडं या."

मी पक्कड उचलली. फूल खाली पडलं. सासऱ्यांनी कपाळावर हात मारला आणि तोंड फिरवलं, पण उठून घरात गेले नाहीत. मी तार कापली, पट्टी काढून त्यांच्या पायाशी ओट्यावर ठेवली. ते तिकडं बघेनात. मग हळूच बघितलं.

पट्टी काढली, पण स्प्रिंग कुठून आणायची? सणाचं दुकान उघडं कुठलं. अंगणात दिरांची मोटरसायकल उभी होती, हार घातलेली. तिच्या साइड स्टँडची स्प्रिंग मला मापाला बरी वाटली. आता हे बरोबर का चूक, ते तुम्ही ठरवा. मला त्या वेळी फार बरोबर वाटलं. पक्कडीनं ती काढली, मोटरसायकल भिंतीला टेकवली, आणि स्प्रिंग जीपच्या पंपाच्या दांड्याला अडकवली. ताण जरा जास्त होता, पायाला रेस जड लागणार होती. जड चालेल. परत येत नाही ते नको.

दीर आले तेव्हा ऊन कलत होतं. जावेच्या हाताला प्लॅस्टर. तिला आत नेऊन निजवायचं सोडून ते आधी बॉनेटकडं आले. ओट्यावरची पट्टी दिसली आणि चेहरा उतरला. पण किती वेळ? "ती म्या न्हाय बांधली. आदीचीच आसंल."

"आधीची? आधी स्प्रिंग होती. उन्हाळ्यात तुम्हीच म्हणालात, मी केलंया नीट म्हणून."

"आन् ही काडली कशानं?" त्यांनी पोत्याकडं बघितलं. पक्कड जागेवर नव्हती. तेवढं बघून त्यांना धीर आला, सासऱ्यांकडं वळले. "पूजेतली पक्कड उचलली? आजच्या दिवशी? बघा आबा! म्हनूनच झालं समदं!"

म्हणजे पक्कड मी दुपारी उचलली, आणि गाडी सकाळीच बागेत गेली, पक्कडीच्या पापानं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी गप्प राहणारी असते तर राहिले असते. मी म्हटलं, "भावजी, बायकोचा हात मोडलाय. तिला तरी पाणी विचारा."

ते तरातरा मोटरसायकलकडं गेले. भिंतीपासून ओढून काढली, सवयीनं साइड स्टँड खाली मारलं आणि हात सोडला. स्टँड खुळखुळलं, घडी झालं, आणि गाडी हारासकट आडवी झाली. सासरे हसले. मला वाटतं त्या हसण्यानंच निकाल लागला.

सासरे जीपमध्ये चढून बसले. दिरांकडं हात केला, "चावी." दिरांनी चावी दिली. सासऱ्यांनी गाडी चालू केली, रेस दाबली, सोडली. आवाज चढला, उतरला. बंद केली. मग मला म्हणाले, "आता ह्येचं रबर लाव." मी स्प्रिंग काढून पट्टी परत तारेनं बांधली. रेस दाबली, सोडली. इंजिन बोंबलतच राहिलं, अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. सासऱ्यांनी कळ ओढून बंद केलं. शांत झालं तेव्हा दीर म्हणाले, "तरीबी हिनं देवाचं हत्यार उचललं."

सासरे म्हणाले, "व्हय, उचललं. त्ये देव आन् ती बघून घेतील. चावी हिची."

एवढं झाल्यावर माझं पोट भरायला पाहिजे होतं. नाही भरलं. दीर माझ्याशी बोलेनासे झाले, ते मला चाललं असतं. पण गावात आता नवीनच सुरू झालं, बाईनं पूजेतली पक्कड उचलली म्हणून जावेचा हात मोडला. सकाळ आधी का दुपार आधी, हे कुणाला सांगणार? आणि मला सगळ्यात जास्त बोचत होतं ते जावेचं वाक्य. मी ताट सांबाळत हुते.

प्लॅस्टर बघायला डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा दीर म्हणाले, मी नेतो. जाऊ म्हणाली, "नगं. हिच्यासंगं जाते." मला नवल वाटलं. जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही सांगोल्याच्या रस्त्याला लागलो. मग माझ्याच्यानं राहवेना.

"ताई, खरं सांगा. माझा पाय ब्रेकवर होता. तुम्हाला दिसला होता का नाही?"

"दिसला हुता."

मी गाडी बाजूला घेतली.

"आन् रबर बी ठावं हुतं," ती म्हणाली. "त्येनी बांदलं तवा उजेडाला बॅटरी मीच धरली हुती."

"मग त्या दिवशी तोंड का नाही उघडलं? सगळं गाव माझ्यावर थुंकत होतं!"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, पण ओशाळलेलीही नव्हती.

"तुझं बरं हाय गं. तू भांडतीस आन् तुज्या खोलीत जातीस. मला भांडून त्येच्याच खोलीत जायचं असतंया."

मला तिचा राग आला होता, तो तसाच राहिला. मी गाडी चालू केली.