घरचाच माल

माझा धाकटा भाऊ नट झाला तो खताच्या पोत्यांमुळे. कॉलेजात त्यानं एकांकिका केल्या, बक्षिसं आणली, मग मुंबईला जाऊन ऑडिशनच्या रांगांत उभा राहिला आणि एके दिवशी बॅग घेऊन गावी, बेलापूरला परत आला. आल्यावर श्रीरामपुरात एका खत कंपनीचा सेल्समन झाला. बाकीचे नट अशा वेळी दारू पितात, नशिबाला बोल लावतात. हा शिकला. म्हणायचा, "ताई, मुंबईत मी भीक मागत होतो. गिऱ्हाईक आपल्या दाराशी यायला पाहिजे, आपण त्याच्या नाही."

खतवाल्यांची एक रीत असते, डेमो प्लॉट. ज्याचं रान रस्त्याला लागून आहे असा शेतकरी गाठायचा, त्याला दोन पोती फुकट द्यायची आणि त्याच्या उसात कंपनीची पाटी ठोकायची. ऊस तरारला की येणारा-जाणारा पाटी वाचतो आणि दुकानात जाऊन तेच पोतं मागतो. शेतकऱ्याला फारसं काही विचारावं लागत नाही. भावाच्या डोक्यात हे पक्कं बसलं. अभिनय हा माल आणि मोबाईल हे रस्त्याकडेचं रान. कामावरून आला की तो गच्चीवर जाऊन दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढायचा. आधी सासू झाला, मग तलाठी, मग दारुडा. काहीच खपलं नाही. "दारुडे गल्लोगल्ली फुकट बघायला मिळतात," मी म्हणाले. त्याला राग आला नाही. राग न येणं हा त्याचा सगळ्यात वाईट गुण. "बरोबर आहे तुझं," म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडं नाही असा माल पाहिजे."

तो माल आमच्या ओसरीवर बसला होता.

आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. मी शाळेत शिकवते. नवऱ्याला सोडून आले त्याला बराच काळ झाला, आणि जीभ तिखट असल्याची ख्याती सासरहून बरोबर घेऊन आले. पप्पा निवृत्त शिक्षक. आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत बायबलातला शास्त्रपाठ वाचायचे ते पप्पाच. पाळक येत-जात राहिले, पाठ वाचणारा बदलला नाही. पोरांच्या तोंडचं 'न्हाई' आणि 'व्हय' दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आपल्या शुद्ध मराठीचा त्यांना गर्व होता आणि तो त्यांना शोभायचा. मग एका सकाळी त्यांना लकवा मारला. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले. तोंडाची उजवी बाजू मात्र पडलेलीच राहिली आणि जोडाक्षरं गेली. शब्द सापडला नाही की "ते... ते... आपलं हे" म्हणत राहायचे. 'ख्रिस्त' तर काही केल्या बाहेर पडेना.

पुन्हा उभं राहून पाठ वाचायचा, एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनात होती. डॉक्टरांनाही त्यांनी पहिलं तेच विचारलं. रोज शाळेला जाण्याआधी मी त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. 'ख्रि'पाशी त्यांच्या कपाळावर घाम यायचा. मी "पुन्हा" म्हणायचे, आणि ते एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे पुन्हा सुरू करायचे. भाऊही येऊन बसू लागला. चहा आणायचा, पायाशी बसायचा, त्यांच्या तोंडाकडं टक लावून पाहायचा. मला वाटलं, चला, पोरगं सुधारलं. मी इतकी बावळट आयुष्यात दोनदाच ठरले, पहिल्यांदा लग्नाच्या वेळी.

व्हिडिओ मला शाळेतल्या बाईंनी दाखवला. डोक्यावर टोपी, अंगात पप्पांसारखाच स्वेटर, एक बाजू पडलेलं तोंड. हॉटेलात बसलेला एक म्हातारा मास्तर चहा मागतोय आणि 'चहा' हा शब्द त्याला सापडत नाही. "च... च... ते आपलं हे..." वेटर पाणी आणतो, भजी आणतो, शेवटी बिल आणतो. "न्हाई, न्हाई!" मास्तर ओरडतो. नक्कल उत्तम होती, खोटं कशाला बोलू. पण ते 'न्हाई' माझ्या जिव्हारी लागलं. पप्पांनी उभ्या जन्मात असं म्हटलं नव्हतं.

"अरे, निदान त्यांचं मराठी तरी ठेवायचंस," मी घरी येऊन त्याला म्हणाले.

"शुद्ध मास्तर चालत नाही, ताई. गावरान चालतो. मी दोन्ही करून पाहिलं." मग हसून म्हणाला, "पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना? बघ, विकलं."

विकलं म्हणजे धो धो विकलं. मास्तर चहा मागतो, मास्तर बँकेत जातो, मास्तर नातसुनेचं नाव विसरतो. पशुखाद्यवाल्यांनी त्याला जाहिरातीला घेतलं. मोबाईलच्या दुकानाची फीत कापायला मास्तरच्या वेशात बोलावलं. त्यानं नोकरी सोडली. आजवर ज्यांच्या रांगेत तो उभा होता ते आता त्याला फोन करू लागले.

पप्पांकडं साधा फोन होता, त्यामुळं त्यांना काही ठाऊक नव्हतं. फिरायला गेले की ते स्टँडवरच्या हॉटेलात टेकायचे. एक दिवस तिथं त्यांनी चहा मागितला आणि शब्द अडकला, तसं सगळं हॉटेल एका सुरात म्हणालं, "ते आपलं हे!" पप्पा भांबावून इकडंतिकडं पाहू लागले. हॉटेलवाला मनानं वाईट नव्हता. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुर्जी, तुमाला ठावं न्हाई व्हय? तुमच्याच पोराचं हाय हे. लई चाललंय." आणि त्यानं आपला मोबाईल त्यांच्यापुढं धरला. पप्पांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, चहा पिऊन पैसे दिले आणि घरी आले. हे सगळं मला नंतर त्या हॉटेलवाल्यानंच सांगितलं, हसत हसत.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा पप्पा ओसरीवरच होते. मी आतून कान देऊन उभी होते. आज घरात वादळ होणार, अशी मला आशा होती. पप्पा बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाले, "तू डावी... डावी बाजू पाडतोस. माझी उजवी आहे."

"मी उजवीच पाडतो, पप्पा. मोबाईलात उलटं दिसतं."

"असं होय," पप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

मला दोघांचाही संताप आला. मी भांडी आपटली. कुणी विचारलं नाही.

त्यानंतर भावाला भंडारदऱ्याकडं चाललेल्या एका मालिकेत काम मिळालं, लकवा झालेल्या शिक्षकाचं. तो पप्पांना बरोबर घेऊन गेला. "गिऱ्हाईकाला मूळ वाण दाखवलं की भरवसा बसतो," असं त्याचं म्हणणं. पप्पा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मुलानं कुठं तरी बरोबर नेलं, याचंच त्यांना अप्रूप. मीही गेले, त्यांना सांभाळायला. धरणाच्या बाजूला खुर्च्या टाकल्या होत्या. दिग्दर्शकानं पप्पांना दोन वाक्यं बोलायला लावली, मग तीच भावाला. मग भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काकांचं जरा जास्त होतंय. तुझं नॅचरल आहे." आजूबाजूचे हसले. पप्पाही हसले, अर्ध्या तोंडानं. येताना राजूरला गाडी थांबवून भावानं आम्हाला मिसळ खाऊ घातली.

पप्पांच्या पाठाचा रविवार त्यानंतर आला. पाळकांनी हो म्हटलं होतं आणि पप्पांची तयारी खरंच झाली होती. 'ख्रिस्त' आता निघत होता, जरा ओढून, पण निघत होता. आदल्या दिवशी माझ्यापुढं त्यांनी सबंध पाठ वाचून दाखवला तेव्हा माझे डोळे भरून आले. ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच एक चूक काढली.

चर्च भरलं होतं. पप्पा पुढं जाऊन उभे राहिले, चष्मा लावला, वाचू लागले. चार ओळी व्यवस्थित गेल्या. मग तो शब्द आला. "ख्रि..." ते थांबले. "ख्रि..." मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. तरुण पोरं तोंडं दाबू लागली. मग बायकांच्या बाजूनं हसू आलं, आणि पाळकांच्या बायकोनंही पदर तोंडाला लावला. त्यांचा तरी काय दोष? वर्षभर ते या तोंडाला हसत आले होते, तेही भावाच्या कृपेनं. मी मुठी आवळून मनातल्या मनात "पुन्हा, पुन्हा" म्हणत होते.

पप्पांनी पुस्तकातून मान वर केली. सगळ्यांकडं पाहिलं. आणि मग तोंड होतं त्याहून वाकडं करून म्हणाले, "ते... ते... आपलं हे! न्हाई, न्हाई!"

ते पाठ अर्धवट सोडून जागेवर येऊन बसले, आणि चर्चमध्ये टाळ्या पडल्या. आमच्यात उपासनेत टाळ्या वाजवत नाहीत.

बाहेर लोक त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होते, "गुर्जी, लई हसवलं बगा." पप्पा प्रत्येकाला मान लववत होते. गर्दी पांगल्यावर ते भावाकडं वळले आणि विचारलं, "जमलं का?"

"मस्त," भाऊ म्हणाला. "फक्त हसू थांबेपर्यंत उभं राहायचं होतं. लवकर बसलात."

एवढ्यात पाळक आले. पप्पांना म्हणाले, "तुम्ही आता आराम करा. पाठ आपण तरुण माणसाकडं देऊ." मग भावाकडं पाहून म्हणाले, "तू वाचशील का? आवाज छान आहे तुझा." पप्पांनीच आधी मान हलवून हो म्हटलं.

पुढच्या रविवारी भाऊ उभा राहिला. अंगात पांढरा सदरा, चेहरा गंभीर. त्यानं उत्तम वाचलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, सगळं पप्पांचं, लकव्याच्या आधीचं. बायका डोळे पुसत होत्या. पप्पा माझ्या शेजारी पहिल्या बाकावर बसून ओठ हलवत त्याच्याबरोबर वाचत होते, आणि एकेका शब्दानं मागं पडत होते. पाठ संपला, भाऊ जागेवर येऊन बसला, मंडळी गीताला उभी राहिली, तरी त्यांचे ओठ 'ख्रि'वरच होते.