"ठीक दिसतंय" लिहिणाऱ्या ताई

ताईंना ऑफिसात कुणी मॅडम म्हणत नसे. एकवीस वर्षांत त्यांनी एकोणीस नवशिके हाताखाली घडवले, आणि पहिल्या दिवशी घाबरत घाबरत "ताई, हे कसं करायचं?" असं विचारणारा प्रत्येक जण पुढे साहेब झाला तरी ताईच म्हणत राहिला. त्यांची पद्धत साधी होती. नवशिक्याने प्रोग्राम लिहिला की त्याच्याशेजारी खुर्ची ओढायची आणि त्याला तो ओळीओळीने मोठ्याने वाचायला लावायचा. आपली चूक आपल्याच तोंडून ऐकली की माणूस अडखळतो, कान लाल होतात, आणि मग ती चूक तो जन्मात परत करत नाही.

दीड वर्षापूर्वी ऑफिसात ते मशीन आलं. त्याला म्हणावं, असं असं हवंय. आपण पाणी पिऊन येईपर्यंत दोनशे ओळी तयार. ताईंचा वरिष्ठ त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. बोलता बोलता दर दोन वाक्यांनी पडद्यावर आलेख काढायचा, म्हणून सगळे त्याला मागून आलेखराव म्हणत. त्या आलेखरावांना तर अंगावर मूठभर मांस चढलं. वर्षभरात नवशिक्यांची भरती बंद झाली. ताईंना काम उरलं ते मशीनने लिहिलेलं वाचायचं आणि खाली मंजुरीचा शेरा मारायचा. शेरा ठरलेला: "ठीक दिसतंय."

दिवसाला तीस-तीस तुकडे यायचे. पहिला महिना ताईंनी सगळं वाचलं. दुसऱ्या महिन्यात चाळलं. पुढे पुढे वरच्या चार ओळी, खालच्या चार ओळी, आणि शेरा. हा "दिसतंय" शब्दच मेला लबाड. "ठीक आहे" म्हणायचं तर वाचावं लागतं. "ठीक दिसतंय" म्हणायला डोळे उघडे नसले तरी चालतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि दर सोमवारी आलेखराव पीठ किती पडलं त्याचा आलेख दाखवत होते. ताईंना त्या आलेखाची किळस यायची. त्याहून जास्त किळस यायची ती त्यात आपलीही रेघ वर चढताना बघून.

भरती बंद व्हायच्या आठवड्यात घेतलेली एक मुलगी तेवढी शिल्लक होती. तिच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून तिचं नाव "नवी" ते नवीच राहिलं. तिची सहा महिन्यांची मुदत शुक्रवारी संपत होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. आलेखावर बाकीच्यांची आठवड्याला तीस कामं आणि नवीची चार. कारण ती मशीनने लिहिलेलं ताईंनी शिकवलं तसं ओठांतल्या ओठांत वाचत बसायची.

मंगळवारी ती ताईंच्या टेबलाशी आली. "ताई, जरा बघता? हे चुकलंय की मीच वेडी आहे, ते कळत नाहीये."

काम एका इस्पितळाचं होतं. डॉक्टरने औषध निवडलं की लहान मुलाच्या वजनावरून डोस काढून द्यायचा. वजनाचा रकाना रिकामा राहिला तर काय करायचं, हे मशीनला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आपलं साठ किलो धरलं होतं.

"म्हणजे सहा महिन्यांच्या बाळालाही साठ किलोचा डोस," नवी म्हणाली. "सोमवारी हे तिकडे चालू होणार आहे."

ताईंनी पडदा खाली सरकवला. खाली शेरा होता, "ठीक दिसतंय", आणि त्यांचं नाव. हा तुकडा आपण कधी पाहिला हे त्यांना आठवेना. आठवेना, कारण पाहिलाच नव्हता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली. भाजी निवडता निवडता त्या थांबल्या.

"वजन लिहिलेलं नसेल तर आम्ही बाटलीला हात लावत नसू. आणि तुम्ही साठ किलो धरता? कुणाच्या बापाचं वजन ते?" मग जरा वेळाने, "पास कुणी केलं?"

"मी."

सासूबाई देठं फारच जोरात मोडू लागल्या.

शुक्रवारी आलेखरावांच्या काचेच्या खोलीत ताईंनी सगळं सरळ सांगून टाकलं. "लिहिलं मशीनने. न वाचता पास केलं मी. पकडलं नवीने. तिला कायम करा. कुणाला काढायचंच असेल तर मला काढा."

"छान सापडलं की!" आलेखराव टाइप करत म्हणाले. "हे बघा, मशीनला सांगून ठेवलं. वजन रिकामं असेल तर मनाने काही धरायचं नाही. आता ही चूक परत होणार नाही."

"आणि नवी?"

"चूकच होणार नाही म्हटल्यावर पकडायला माणूस कशाला?"

"पुढची चूक वेगळी असेल."

"त्याला तुम्ही आहात ना."

"अहो, मी वाचलं नव्हतं! तेच तर सांगतेय मघापासून."

"वाचा, नका वाचू, ताई." आलेखराव हसले, जणू त्यांचं कौतुकच करत होते. "खाली एका माणसाचं नाव लागतं. उद्या इस्पितळाची नोटीस आली तर ती मशीनला थोडीच देता येते?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ताईंनी आजवर ऐकलं होतं. इथे वर चोराला बसायला खुर्चीही होती, आणि तिच्यावर आपण बसलोय हे त्यांना स्वच्छ दिसलं. आपल्याला इतके दिवस का ठेवलंय, ते एकवीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी खरं सांगितलं होतं.

बाहेर नवी आपलं सामान पिशवीत भरत होती. चहाचा मग, वही, बूट घालून पायांतून काढलेल्या चपला.

"मी तुला पत्र देते," ताई म्हणाल्या. "पकडलंस ते सगळं त्यात लिहीन. कुठेही दाखव."

"द्या ना. पण ताई, आठ ठिकाणी विचारून झालंय. सगळ्यांना दोन वर्षं काम केलेलं माणूस हवंय." नवीच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती. "ती पहिली दोन वर्षं आता कुठे करायची असतात?"

ताईंची पहिली दोन वर्षं चुका करण्यात गेली होती, आणि कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून बसलं होतं म्हणून निभावली होती. एकोणीस जणांना त्या काही ना काही सांगत आल्या होत्या.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.