खंडेनवमी आणि माझा केशरी बीकर

परवा खंडेनवमीला मी लॅबमध्ये सरांवर ओरडले. हो, माझ्या पीएचडीच्या गाईडवर, सगळ्यांसमोर... आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

अष्टमीला घरी कुळधर्म, म्हणून मी सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी माधव नगरहून स्कूटी हाणत पोचते तो काय, पूजेसाठी लॅब एकदम चकाचक! उपकरणांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा... आणि खिडकीजवळचा माझा बीकर गायब.

त्यात माझं प्लॅटिनमचं कॉम्प्लेक्स होतं. थायोसेमीकार्बाझोन नावाचा रेणू गंधक आणि नायट्रोजनच्या चिमट्यात प्लॅटिनमला धरतो, असं माझं म्हणणं. जर्नलवाले म्हणतात, क्रिस्टलचा एक्स-रे दाखवा, मग मानू.

म्हणून तीन आठवडे, जराही धक्का न लावता, वर भोकं पाडलेली फॉइल लावून द्रावक हळूहळू उडू देत केशरी क्रिस्टल वाढवत होते. सोमवारी एक्स-रेचा नंबर लागलेला, आणि पुन्हा करायला प्लॅटिनम शिल्लक नाही.

सरांना विचारलं, तर हार घालता घालता म्हणाले, "अगं, कळकट बीकर होता तो. धुवायला टाकला."

रसायनशास्त्राचे प्रोफेसर हे! तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांचं मुसळ केरात... बोलू नये ते सगळं बोलले आणि वर रडलेसुद्धा.

तेवढ्यात आमचे लॅब अटेंडंट कैलाशभैया मला स्टोअरमध्ये घेऊन गेले. कपाटाच्या खालच्या फळीवर, घडी घातलेल्या टॉवेलवर माझा बीकर! फॉइल तशीच, क्रिस्टलही तसेच...

"सर ने तो बोला था सब धो दो," ते म्हणाले. "पर पन्नी में सुई से इतने बारीक छेद किए थे, दीदी. गंदे बर्तन पे कोई इतनी मेहनत करता है क्या?"

सर काय, "मिळाला ना? झालं तर मग!" म्हणत पेढा पुढे करून मोकळे. मी घेतला नाही. राग अजून आहे... थोडा स्वतःवरही. चार वर्षं कैलाशभैयांनी धुतलेल्या काचेत काम केलं, पण त्यात काय करते ते त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

आज त्यांना मायक्रोस्कोपखाली क्रिस्टल दाखवले. बराच वेळ डोळा लावून बसले, मग म्हणाले,

"दीदी, पूजा तो इसकी करनी थी ना..."