थांबा, कमिट करते

भाजे गावात आमच्या घरी नेटचं काही खरं नसतं. जरा वारा सुटला की गेलंच. त्यामुळे वडिलांना, म्हणजे आबांना, पक्षाघात झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन माहेरी राहायला आले, तेव्हा ऑफिसचं प्रोग्रामिंगचं काम निभावलं ते एका सवयीवर: थोड्या थोड्या वेळाने कमिट करायचं. कमिट म्हणजे आतापर्यंतचं काम एका ओळीच्या टिपणासकट आपल्याच मशीनवर पक्कं करून ठेवणं. त्याला नेट लागत नाही. संध्याकाळी रेंज आली की दिवसभराचे बारके कमिट एकत्र करायचे आणि एकच नीटनेटका कमिट ऑफिसला पाठवायचा.

आबांचा उजवा हात गेला होता आणि वाचाही. बोलतील, पण कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हा माणूस म्हणजे आपल्या बांधावरून पलीकडच्या शेतातल्याशी गप्पा मारणारा. आता काही हवं असलं की खाटेच्या लोखंडी कडेवर अंगठी वाजवायचे. मी म्हणायचे, "थांबा आबा, कमिट करते." एक ओळ खरडायची आणि उठायचं. 'अर्धवट, आबांना पाणी.' 'चालतंय बहुतेक, आबांना उन्हात बसवते.' ही टिपणं ऑफिसात कोणी वाचली असती तर माझी धडगत नव्हती. आबा मुकाट थांबायचे. मला त्या थांबण्याचीच चीड यायची. पूर्वी चहाला उशीर झाला तरी घर डोक्यावर घ्यायचे ते.

एकदा ते एकटेच उठायला गेले आणि तोल गेला. मी तशीच धावले, त्यांना सावरून आडवं केलं. मग परत कामाला बसले. काहीतरी नवीन करून पाहिलं, ते फसलं, म्हणून नेहमीसारखं नंतरचं सगळं पुसून शेवटच्या कमिटवर परत गेले. मग लक्षात आलं, धावण्याच्या गडबडीत कमिट करायचं राहिलं होतं. दुपारभराचं काम साफ गेलं. मी लॅपटॉप आपटून मिटला.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काय व्हायचंय? उठताना कमिट केलं असतं तर ही वेळ आली नसती."

"जाऊ दे. त्ये पडले न्हाईत, ह्येच लय झालं."

आबा छताकडे बघत पडून होते.

दुसऱ्या दिवशी अंगठी वाजली तशी मी खुर्ची मागे सारून उठलेच. आबांनी डावा हात वर केला, बस म्हणून. तोंड वाकडं झालं, ओठ जुळेनात. मी पुढे झाले तर रागाने मान हलवली.

"क... कमिट," ते म्हणाले. मग दम घेऊन, "कर."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. मला रडू आवरेना, पण ते लॅपटॉपकडेच बोट दाखवत राहिले, म्हणून आधी कमिट केलं. टिपण लिहिलं, 'आबा बोलले.'

संध्याकाळी रेंज आल्यावर बाकीचे सगळे कमिट एकत्र केले. तो एक मात्र तसाच वेगळा ठेवून ऑफिसला पाठवला. त्यात काम म्हणाल तर कोडमधली एक रिकामी ओळ काढून टाकलेली होती, एवढंच.